गोधडी आणि भैरवगढचे तुकडे

उज्जैन शहरातून शिप्रेच्या काठाने उत्तरेकडे निघाले, की थोड्याच अंतरावर काळभैरवाचे देऊळ लागते. त्याच्या आसपास पसरलेल्या वस्तीला भैरवगढ म्हणतात. मालवी तोंडी त्याचे भेरूगढ झाले आहे. यात्रेकरू भैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवतात, सिद्धवटाला हात जोडतात आणि रिक्षात बसून परततात. मेणाच्या तड्यांची नक्षी असलेली एखादी चादर किंवा साडी आपल्या घरी आहे, आणि ती बहुधा ह्याच वस्तीतल्या छिपांच्या हातची आहे, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानी येते.

ही बाटिकची छपाई. वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी काढायची आणि मग ते रंगात बुडवायचे. मेण जिथे बसले तिथे रंग शिरत नाही. रंग थंडच हवा, कारण ऊन रंगात मेण सुटते. फिका रंग आधी, गडद मागून. आणि प्रत्येक रंगापूर्वी जेवढे राखायचे तेवढ्यावर पुन्हा मेण. अखेरीस कापड उकळत्या पाण्यात टाकले म्हणजे मेण वितळून वर येते. ते निवल्यावर गोळा करतात आणि पुन्हा कामाला घेतात. काम चालू असताना कापड हाताळले जाते, सुकलेल्या मेणाला बारीक तडे जातात आणि त्यांतून रंग आत झिरपतो. ह्या रेषा कारागिराने काढलेल्या नसतात, म्हणूनच त्यांची हुबेहूब नक्कल होत नाही. यंत्रावर छापलेल्या नकली बाटिकमध्ये तोच तडा ठराविक अंतराने त्याच जागी पुन्हा भेटतो. खऱ्याखोट्याची पारख करण्यास एवढी खूण पुरे. 2023 साली उज्जैनच्या ह्या छपाईला भौगोलिक मानांकन मिळाले. नकली माल विकणाऱ्यांना त्यामुळे किती आळा बसेल हे पुढे दिसेलच. ग्राहकाने डोळे उघडे ठेवावेत हे त्याआधीचे काम.

असे कापड कुडत्यासाठी किंवा झग्यासाठी बेतले, की शिंप्याच्या पायाशी काय उरते? गळ्याचा अर्धचंद्र, बाहीच्या काखेतले त्रिकोण, घेराच्या कडेच्या निमुळत्या पट्ट्या. रंगाने, पोताने हे तुकडे मूळ कापडाहून तसूभर कमी नसतात. कमी असतो तो फक्त आकार. तरी संध्याकाळी झाडू फिरला की ते कचऱ्याच्या डब्यात जातात. उज्जैनमध्ये पूर्वी विनोद मिल, हिरा मिल, नजरअली मिल अशा कापडगिरण्या होत्या. गिरण्यांचे तुकडा-कापड वजनावर विकले जाण्याची त्या काळी सर्वत्र रीत होती, आणि गिरणगावातल्या गृहिणीला त्याची किंमत बरोबर कळे. त्या गिरण्या बंद पडून बरीच वर्षे लोटली. आता तयार कपडे स्वस्त झाले आणि तुकड्यांना कोणी विचारीनासे झाले.

मराठी घरात ह्या तुकड्यांचे पहिले हक्काचे ठिकाण म्हणजे गोधडी. राणोजी शिंद्यांच्या काळापासून मराठी माणसे उज्जैनला येऊन राहिली. पुढे दौलतरावांनी 1810 च्या सुमारास आपली राजधानी ग्वाल्हेरला हलविली, तरी कितीतरी कुटुंबे इथेच मुरली. त्यांची बोली मालवीत मिसळली, जेवणात दालबाफले आले. पण पुरणपोळी राहिली तशी गोधडीही राहिली. शेजारीण तिला गुदडी म्हणते, एवढाच फरक. श्रावणात महाकाळाची पालखी ज्या वाटेने शिप्रेकडे जाते, त्या वाटेवरच्या एका चौकाचे नाव गुदरी चौराहा आहे. ते ऐकून मराठी कानाला आपल्या गोधडीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आणि मालव्याची रात्र गार असते. शबे-मालवा म्हणून तिची कीर्ती गाणाऱ्यांच्या अंगावर पहाटे काहीतरी पांघरूण असलेच पाहिजे.

गोधडीचे मूळ गणित नऊवारी लुगड्यावर बसविलेले आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचे दोन-दोन मीटरांचे चार तुकडे पडतात. दोन तुकडे कडेला कड जोडले, की वरची बाजू झाली. उरलेले दोन जोडले, की खालची. पाव मीटर उरते ते कोपऱ्यांना आणि गोटाला. म्हणजे एका लुगड्यात मोठ्या माणसाच्या गोधडीचे दोन्ही अंग निघते. मध्ये घालायला त्याहून जुनी, विरून मऊ झालेली लुगडी, धोतरे. सहावारी साडीवर हे गणित जुळत नाही. साडेपाच मीटरांत एक बाजू होऊन थोडे उरते, आणि खालच्या बाजूसाठी दुसरी साडी काढावी लागते. भैरवगढचे तुकडे कामास येतात ते इथे: वरच्या बाजूला जे अपुरे पडले ते त्यांनी भरून काढायचे.

पण इथेच घात होतो. कित्येक घरांत आजीचे शेवटचे माहेश्वरी लुगडे ट्रंकेत जपून ठेवलेले असते. एखाद्या हौशी सुनेला ते कापून गोधडी करावीशी वाटते, आणि शोभा यावी म्हणून ती त्यावर लाल, जांभळे बाटिकचे तुकडे बसवते. पहिल्या धुण्यात लाल रंग फुटतो आणि पांढरट लुगड्यावर गुलाबी ओघळ उतरतात. ते पुन्हा निघत नाहीत. ज्या वस्तूसाठी एवढा खटाटोप, तीच डागाळते, आणि घरात चार दिवस कोणी कोणाशी नीट बोलत नाही. ह्यात कारागिराचा दोष असतोच असे नाही. गडद रंग कापडावर थोडा जास्तीचा राहतोच. तो आधी काढून टाकणे हे शिवणारणीचे काम.

म्हणून कोणताही तुकडा कात्रीखाली घेण्यापूर्वी त्याची परीक्षा करावी. पांढऱ्या सुती कापडाचा बोळा ओला करून त्यावर जोराने घासावा. बोळा रंगला, तर तो तुकडा मिठाच्या थंड पाण्यात घालावा असे जुन्या बायका सांगतात. मिठावर फार विसंबू नये. निव्वळ थंड पाण्यात, पाणी स्वच्छ निघेपर्यंत, तीन-चार वेळा खळबळून सावलीत वाळवणे अधिक खात्रीचे. इतके करूनही बोळा रंगलाच, तर त्या तुकड्याची पिशवी करावी, गोधडी करू नये. दुसरी परीक्षा मेणाची. उकळूनही कधी कधी थोडे मेण धाग्यांत राहते. सुई अडखळते, दोरा चिकटतो. असा तुकडा दोन जुन्या वर्तमानपत्रांमध्ये ठेवून वरून गरम इस्त्री फिरवावी. मेण कागदात उतरून तेलकट डाग पडतो. डाग पडेनासा होईपर्यंत कागद बदलावेत. तिसरी गोष्ट आटण्याची. नवे सुती कापड पहिल्या पाण्यात आटते, जुने लुगडे आटायचे तेवढे आटून चुकलेले असते. न धुतलेला तुकडा जुन्यावर शिवला, की धुतल्यावर भोवती चुण्या पडतात आणि टाके ताणून जुने कापड फाटते.

कृत्रिम धाग्याचे कापड गोधडीत घालावे की नाही, ह्यावर घरोघर वाद आहे. ते आटत नाही, रंग सोडत नाही, फाटतही नाही. आणि नेमके हेच त्याचे वाईट. शेजारचे सुती कापड विरून जाते तेव्हा ते ताठ उभे राहून त्याला ओरबाडते. शिवाय घाम शोषत नाही. त्याचे पायपुसणे करावे, किंवा बाजाराच्या पिशवीला अस्तर लावावे. 120 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांना 2022 च्या अखेरीपासून देशभर बंदी आहे. भाजीवाल्यापुढे उभे राहून पिशवी मागण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही. सहा-सात तुकड्यांची, आतून मजबूत अस्तराची पिशवी एका दुपारीत होते आणि वर्षानुवर्षे टिकते. तिचे बंद मात्र उभ्या धाग्यावर कापावेत. आडव्या किंवा उरेब पट्टीचे बंद वजनाने लांबतात आणि पिशवी गुडघ्याला आपटू लागते. उरेब पट्टी राखून ठेवावी ती गोटासाठी. वळणावर ती जशी बसते तशी सरळ पट्टी कधीच बसत नाही.

बारीक तुकड्यांचे उपयोग सांगत बसले तर वेळ पुरणार नाही. सुपारीचा बटवा, देवाच्या पाटावरचे आसन, दाराचे तोरण, पुस्तकाची खूण, बाळाची कुंची. त्यांतल्या कुंचीविषयी मात्र एक शब्द. कुंचीच्या आतले अस्तर जुन्या, मऊ धोतराचेच असावे. शोभेचा तुकडा बाहेरून. बाळाच्या टाळूला नवा रंग लागता कामा नये.

गोधडीचे टाके म्हणजे साधा धावदोरा. शिवण्यापूर्वी सगळे थर जमिनीवर अंथरून, चारी बाजूंनी ताणून, मोठमोठ्या कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यावेत. हा आळस केला तर मध्ये पोट फुगते आणि मग कितीही ओढले तरी बसत नाही. कडेपासून सुरुवात करून चौकटीत चौकट घालीत मध्याकडे यायचे, ही अनेक ठिकाणची रीत. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर भागातले सिद्दी लोकही त्यांची कवंदी अशीच कडेने शिवीत आत येतात. कोपऱ्यांना छोटी कापडी फुले लावल्याशिवाय ती त्यांना उघडी वाटते, आणि पुरी होण्यापूर्वी काही बाया तिच्या पोटात तांदळाचे दाणे घालतात. बंगाल्यात कांथा, बिहारात सुजनी, सिंधेत आणि कच्छात रल्ली. नावे निरनिराळी, टाका तोच.

उज्जैनला तर जीर्ण वस्त्राचा फार जुना शेजार आहे. गढकालिकेजवळ भर्तृहरीची म्हणून गुंफा दाखवतात. त्याच्या नावावर असलेल्या वैराग्यशतकात विरक्ताचे वस्त्र म्हणून शंभर चिंध्यांची कंथा येते. ‘मृच्छकटिक’ घडते ते ह्याच नगरीत. देवलांच्या नाटकामुळे चारुदत्त मराठी प्रेक्षकाला घरचा वाटतो. मूळ नाटकात दुसऱ्या अंकात दर्दुरक नावाचा जुगारी आपल्या उत्तरीयाची स्वतःच थट्टा करतो. त्यात धाग्यांपेक्षा भोकेच जास्त, तेव्हा ते पांघरण्यापेक्षा घडी घालून काखेत ठेवलेलेच बरे दिसते, असा त्याचा आशय. त्याच अंकाच्या शेवटी चारुदत्ताची जाईच्या वासाची शाल वसंतसेनेच्या हाती येते, आणि धनी दरिद्री झालेला असताही ती शाल ती आनंदाने पांघरते. कापडाची किंमत अंगावरच्या माणसावरून ठरविणारी ही स्त्री आजीच्या लुगड्याची गोष्ट न सांगता समजली असती.

आता पैशांची गोष्ट. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद अशी गोधडी घ्या. ओळीत दोन सेंटिमीटरांचे अंतर ठेवले तर पंचाहत्तर ओळी होतात, म्हणजे दीडशे मीटर धावदोरा. एका सेंटिमीटरला एक टाका धरला तरी पंधरा हजार टाके. थर जाड असल्याने तासाला पाच मीटरांपलीकडे हात चालला नाही, तर तीस तास. रोज चार तास बसले तरी आठवडा उलटतो. तुकडे जोडण्याचा वेळ निराळाच. अशी गोधडी कोणी विकायला काढली, की गिऱ्हाईक म्हणते, ‘‘चिंध्यांचीच तर आहे!’’ चिंध्या फुकट आल्या असतील; बोटे फुकट आलेली नाहीत. गटागटाने हे काम करू पाहणाऱ्या बायकांनी किंमत ठरवताना आधी तास मोजावेत, मग कापड. ह्याच्या उलट, मोठ्या दुकानांतून अलीकडे नवे कोरे कापड मुद्दाम फाडून, जोडून, जुन्याचा आव आणून दामदुपटीने विकले जाते. त्या हौसेला हात जोडावेत आणि पुढे जावे.

गोधडी फाटली म्हणजे ती उसवीत नाहीत. तिच्यावरच नवा थर घालून पुन्हा टाके घालतात. त्यामुळे जुन्या घरातली गोधडी दर पिढीला जाड होत जाते. 1955 नंतर उज्जैनच्या गढीवर उत्खनन झाले, तेव्हा एकाखाली एक वस्तीचे थर निघाले. गोधडीचा कोपरा उसवला तर असेच काहीसे होते. वर भैरवगढची निळी पानाफुलांची नक्षी. तिच्याखाली गिरणीचे छापील चीट. त्याखाली लुगड्याचा काठ, एका बाजूला किंचित कुसरलेला. आणि सगळ्यांत आत, हाताला लागत नाही इतके मऊ झालेले धोतर, ज्याच्या कोपऱ्यावर कोण्या धोब्याने घातलेली काळ्या शाईची खूण अजून वाचता येते.