गोधडीवरची नावे
(मंडळाच्या वार्षिक आदरांजली सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत वर्षभरात कालकथित झालेल्या सभासदांची नावे वाचली जातात. स्मरणिकेत त्यांचे फोटो छापले जातात. फोटोखाली नाव, मूळ गाव, मृत्यूची तारीख, आणि त्याखाली ‘शोकाकुल’ म्हणून मुलांची, सुनांची, नातवंडांची नावे येतात. ही प्रथा आमच्या आधीच्या पिढीने पदरमोड करून सुरू केली. त्यांच्या आज्या-पणज्यांची नावे कोणी कुठे लिहून ठेवलेली नव्हती, हे त्यामागचे कारण होते. तेव्हा नाव राहण्याची किंमत या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही आज आम्ही एका चुकीपासून सुरुवात करणार आहोत, आणि ती चूक आमचीच आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या वसाहतीतील एक तरुण गेला. नोकरीला होता. मंडळाच्या ग्रंथालयाचा हिशेब तोच लिहीत असे, आणि त्याच्यानंतर तो हिशेब तितका नीट लागलेला नाही. त्याच्याबरोबर एकाच खोलीत अकरा वर्षे राहणारा त्याचा मित्र होता. शेवटच्या महिन्यांत डबा, औषधे, रात्रीची जागरणे, अंथरूण-पांघरूण धुणे, सगळे त्या मित्राने केले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तो सर्वांत मागे, दारातल्या चपलांजवळ उभा होता. दोन शब्द बोलण्यासाठी आम्ही सात जणांना पुढे बोलावले, त्याला बोलावले नाही. स्मरणिकेत ‘अल्पशा आजाराने निधन’ असे छापले. शोकाकुल म्हणून ज्या चुलतभावाचे नाव टाकले, तो त्याला पाच वर्षांत एकदाही भेटला नव्हता. तो मजकूर आम्हीच लिहिला होता. घराण्याला कमीपणा येऊ नये, या भावनेने लिहिला होता. आज दुरुस्ती म्हणून त्या दोघांची नावे या व्यासपीठावरून घ्यावीत असे आमच्या मनात होते. परंतु त्या मित्राने नको म्हटले, म्हणून घेत नाही.

ही बोच मनात राहिली आणि आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या कॅस्ट्रो नावाच्या एका वस्तीपर्यंत पोहोचलो. एवढ्या लांबची गोष्ट इथे कशाला, असे कोणी विचारील. त्या वस्तीने आपली गेलेली माणसे कशी जपली ते ऐकल्यावर हा प्रश्न राहणार नाही, असे आम्हांस वाटते.

समलिंगी स्त्री-पुरुष, तृतीयपंथी, म्हणजे आज ज्यांना एकत्रितपणे एलजीबीटी समाज म्हणतात, त्यांतले अनेक जण १९७० च्या सुमारास ठिकठिकाणची घरे सोडून कॅस्ट्रोत येऊन राहिले. कोणाला बापाने हाकलले होते, कोणी आपणहून निघाले होते. तिथे कॅमेऱ्याचे दुकान चालवणारे हार्वे मिल्क १९७७ साली शहराच्या नगरमंडळावर निवडून आले. आपण समलिंगी आहोत हे न लपवता निवडून येणारी माणसे त्या देशात तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी एका माजी सहकाऱ्याने त्यांना आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांना कचेरीतच गोळ्या घालून ठार केले. त्या रात्री कॅस्ट्रोतून हजारो माणसे मेणबत्त्या घेऊन पायी नगरभवनापर्यंत गेली. पुढे दरवर्षी त्या तारखेला ते तसेच चालू लागले.

मग आजार आला. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य पत्रिकेत लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या एका विचित्र न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. एड्सची ही पहिली छापील नोंद. रोगाला नावसुद्धा नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉबी कॅम्पबेल या परिचारकाने आपल्या अंगावरच्या जांभळ्या डागांचे फोटो कॅस्ट्रोतील एका औषधाच्या दुकानाच्या काचेवर लावले, लोकांनी वेळीच ओळखावे म्हणून. ते १९८४ च्या ऑगस्टमध्ये गेले. वय ३२. पुढच्या वर्षांत त्या एका शहरात सुमारे २० हजार माणसे या रोगाने गेली, आणि कॅस्ट्रोत असे घर क्वचितच उरले जिथून कोणी गेले नाही.

मरणानंतर काय होई, ते आम्ही वाचले तेव्हा आमची स्मरणिका डोळ्यांपुढे आली. कित्येक ठिकाणी अंत्यविधी करणारे प्रेताला हात लावायला तयार नसत. दूरच्या गावाहून आईवडील येत, देह घेऊन जात, आणि गावच्या वर्तमानपत्रात ‘दीर्घ आजाराने’ असे छापून आणीत. आपल्याकडे अल्पसा, तिकडे दीर्घ. सोबत राहिलेल्या माणसाचे नाव त्यात नसे. कधी कधी तर ज्या घरात दोघे राहिले, त्या घराचे कुलूपही बदलले जाई.

याला तोंड देण्यासाठी त्या लोकांनी जे केले ते अगदी साध्या साधनांनी केले. शहरातील सार्वजनिक रुग्णालयात जुलै १९८३ मध्ये १२ खाटांचा एक विभाग फक्त या रुग्णांसाठी उघडला. तिथल्या परिचारिका स्वतःहून काम मागून आलेल्या होत्या. त्यांनी ठरवले की रुग्णाचे कुटुंब कोण, हे रुग्णानेच सांगायचे, आणि तो सांगेल त्याला खाटेपाशी बसू द्यायचे. रक्ताचे नाते आहे का, हे दारात विचारायचे नाही. आपल्या रुग्णालयांच्या दारावर तास-तास थांबलेल्यांना यातले मोठेपण कळेल.

वस्तीतले साप्ताहिक ‘बे एरिया रिपोर्टर’ मित्रांनी लिहून आणलेली निधनवार्ता आणि फोटो छापू लागले. दर आठवड्याला, कधी पानेच्या पाने. त्यात सोबत्याचे नाव असे, त्याला काय आवडे तेही असे. औषधांचा नवा मिलाफ १९९६ पासून मिळू लागला, मरण ओसरू लागले, आणि १३ ऑगस्ट १९९८ च्या अंकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापले गेले की या आठवड्यात एकही निधनवार्ता नाही. निधनवार्ता नाही हीच बातमी!

आता गोधडीकडे येतो. १९८५ च्या नोव्हेंबरात मिल्क यांच्या स्मृतिदिनाच्या फेरीची तयारी चालू असता क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याला कळले की शहरात एड्सने गेलेल्यांची संख्या हजारावर गेली आहे. त्याने फेरीत आलेल्यांना पुठ्ठे वाटले आणि आपल्या गेलेल्या माणसाचे नाव लिहायला सांगितले. फेरीच्या शेवटी शिड्या लावून ते पुठ्ठे एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले. खाली उभे राहून पाहिले तेव्हा त्याला ते तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीसारखे दिसले. भगिनींनो, ही गोष्ट तुम्हांला आमच्यापेक्षा लवकर समजेल. गेलेल्या आईच्या नऊवारीची आणि वडिलांच्या धोतराची गोधडी आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. ती कोणी टाकत नाही, फाटली तरी वरून ठिगळ लावतो.

१९८७ साली जोन्सने आपल्या जिवलग मित्राच्या नावाने पहिला तुकडा रंगवला. मग वस्तीत एक दुकानगाळा घेऊन शिवणयंत्रे मांडली. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, एका माणसाच्या थडग्याएवढा. ज्याला थडगे मिळाले नाही त्याला निदान तेवढी जागा. तुकड्यावर त्याची जीन पॅंट, सदरा, टोपी, खेळण्यातले अस्वल, पत्रे, कुणाची चिमूटभर रक्षाही शिवलेली आहे. काहींवर फक्त पहिले नाव आहे, काहींवर आद्याक्षरे, कारण तेवढेच लिहायला धजले. एकाच माणसाच्या नावाने दोन तुकडेही सापडतात. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानावर पहाटे ती गोधडी प्रथम पसरली. १,९२० तुकडे होते, आणि सगळी नावे एकेक करून मोठ्याने वाचली. आज तिचे सुमारे ५० हजार तुकडे आहेत, त्यांवर एक लाखाहून अधिक नावे आहेत आणि तिचे वजन ५४ टन भरते. ती पूर्ण अंथरणे १९९६ नंतर वॉशिंग्टनमध्ये झालेले नाही. तिचा सांभाळ करणारी संस्था ती पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात घेऊन आली आहे. त्याच शहराच्या गोल्डन गेट उद्यानात १९९१ पासून लोकांनी एक ओसाड झालेला खोलगट भाग श्रमदानाने साफ करून स्मृतिवन केले. दगडावर नावे कोरली. १९९६ साली त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. आम्हांला त्यातले श्रमदान विशेष आवडले. झाडू मारताना माणसे मोकळी बोलतात.

या वस्तीतला एक माणूस तर आपल्याच वाटेवरचा निघाला, आणि त्याची माहिती मिळाल्यावर आम्ही बराच वेळ स्वस्थ बसून होतो. टॉमी डॉर्सी, जन्म १९३३. पुरुषावर प्रेम केले म्हणून नौदलातून काढलेला. बाईच्या वेशात रात्रीच्या क्लबांत नाचगाणे करणारा. दारू, अमली पदार्थ, सगळे झालेले. असा माणूस शुनर्‍यू सुझुकी या जपानी भिक्षूंनी स्थापलेल्या झेन केंद्रात गेला. झेन म्हणजे आपलाच ‘ध्यान’ हा शब्द, चीन आणि जपानच्या तोंडातून फिरून आलेला. दीक्षेनंतर त्याचे नाव इस्सान झाले, म्हणजे ‘एक पर्वत’. कॅस्ट्रोतल्या हार्टफर्ड स्ट्रीटवर समलिंगी उपासकांनी चालवलेले एक छोटे ध्यानकेंद्र होते, तिथे ते राहू लागले. १९८७ साली त्यांनी एड्सने आजारी आणि बेघर झालेल्या एका साधकाला केंद्रातच राहायला आणले. ध्यानाला बसायचे आणि वरच्या मजल्यावर माणूस मरतोय, हे कसे चालायचे, अशी काहींची कुरकुर झाली. इस्सान यांनी मात्र दुसऱ्यालाही आणले, मग तिसऱ्याला. त्यातून शेवटच्या दिवसांतील रुग्णांचे जे घर उभे राहिले त्याचे नाव ‘मैत्री’. हाच शब्द, आपला. १९८९ मध्ये ते त्या केंद्राचे प्रमुख आचार्य झाले. तोवर त्यांना स्वतःलाही तोच रोग झालेला होता. ६ सप्टेंबर १९९० रोजी ते गेले. ‘मैत्री’चे काम पुढे चालू राहिले.

अतिसाराने आजारी, आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्षूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, ही विनयपिटकातली कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आम्हीही भाषणांत अनेकदा सांगितली आहे. आमच्या वसाहतीत ती ज्याने प्रत्यक्ष केली, तो चपलांजवळ उभा होता.

कॅस्ट्रोतलीच आणखी एक गोष्ट थोडक्यात. रीटा हेस्टर या कृष्णवर्णीय पारलिंगी स्त्रीचा २८ नोव्हेंबर १९९८ रोजी बॉस्टन भागात खून झाला. पारलिंगींच्या अशा खुनांची कोणी आठवणही ठेवत नाही, हे पाहून ग्वेंडोलिन अ‍ॅन स्मिथ यांनी अशा मृतांची यादी करायला घेतली. १९९९ च्या नोव्हेंबरात मेणबत्त्या लावून पहिली सभा झाली. २० नोव्हेंबर हा दिवस आता अनेक देशांत पाळतात, भारतातही. आपल्याकडच्या तृतीयपंथीयांच्या अंत्ययात्रेविषयी लोक वाट्टेल त्या कंड्या पिकवतात. त्या इथे आम्ही उच्चारणार नाही. ज्याने त्या सांगितल्या, त्याला विचारा की तू कधी खांदा द्यायला गेला होतास काय.

आपल्या मराठीतले एक नाव मात्र या सभेत घेतलेच पाहिजे. प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस. नागपूरकडचे, ‘पायाखालची हिरवळ’ या संग्रहाचे कवी, अलीगढच्या विद्यापीठात मराठी शिकवीत. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी समलिंगी संबंध गुन्हा नाही असे म्हटले होते. तरीही फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात शिरले, आणि शिक्षा झाली ती त्यांना. निलंबनाला १ एप्रिलला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. पुढे त्यांच्यावर ‘अलीगढ’ हा हिंदी चित्रपट निघाला आणि देशाला नाव कळले. मराठी माणसांच्या किती सभांत ते घेतले गेले?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का कायमचा पुसला. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात दिला नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवले. जोडीदाराला देह ताब्यात घेता यावा, असे त्यात आहे. पण केव्हा? जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा. म्हणजे पाच वर्षांत न भेटलेला चुलतभाऊ आला की अकरा वर्षांचा सोबती पुन्हा मागे. हे बदलणे आपल्या मंडळाच्या हातात नाही.

स्मरणिकेचे पान मात्र आपल्या हातात आहे. कार्यकारिणीपुढे आम्ही तीन ओळींची सूचना ठेवली आहे. सभासद अर्जात एक रकाना वाढवावा. ‘माझ्यामागे मंडळाने कोणास कळवावे व शोकाकुल म्हणून कोणाचे नाव छापावे’ हे सभासदाने स्वतः जिवंतपणी लिहावे. तिथे नाते लिहिण्याची सक्ती नसावी, आणि जे लिहिले असेल ते जसेच्या तसे छापले जावे. बैठकीत दोन जणांनी विरोध केला, तिघे गप्प बसले. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. तोवर ज्यांना स्वखुशीने लिहून द्यायचे आहे त्यांच्यासाठी कोरे अर्ज दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. आमचा आम्ही भरला आहे. बरोबर पाकीटही आहे. बंद करून द्या, चिटणीस उघडणार नाहीत. पेन मात्र आपापले वापरावे, मंडळाची दोन पेने मागच्या सभेतच गेली.