चार छोटे ग्लास

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत आपल्या गच्चीवर केलेलं भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून लिहून काढलं आहे. बोलताना जे निसटलं ते बहुतेक तसंच ठेवलं आहे.)



या व्याख्यानमालेत आत्तापर्यंत मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं, गच्चीवरची बाग झाली. आज बिअर. नोटीस बोर्डावर विषय लागला त्याच संध्याकाळी बी विंगमधल्या एका ताईंनी सेक्रेटरींना विचारलं, की ज्या गच्चीवर आपण कोजागरीचं दूध पितो तिथे हा विषय कशाला? प्रश्न रास्त आहे. २०१२ सालाच्या आधी हा विषय बोर्डावर दिसला असता, तर मी त्या ताईंच्या पुढे एक पाऊल जाऊन नोटीसच काढून टाकली असती.

आधी खुलासा करतो. आज इथे बिअर नाही. दोन वाट्या आणल्यात. एकीत जव आहेत, मोड आणून वाळवलेले. दुसरीत हिरवट गोळ्या आहेत, त्या हॉप्स नावाच्या वेलाच्या फुलांच्या. वाट्या पहिल्या रांगेपासून फिरू द्यात. जव खाऊन बघायला हरकत नाही, गोडसर लागतील. हिरवी गोळी मात्र फक्त बोटांत चुरडून हुंगायची. तोंडात टाकू नका. मी टाकली होती. गुढीपाडव्याचा कडुनिंब बरा.

आता मी या विषयाकडे कसा आलो ते. आम्ही मूळचे सांगलीचे. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. १९८४ साली गेले, बेचाळीसाव्या वर्षी. कशाने गेले ते आमच्या घरात कधी कोणी मोठ्याने बोललं नाही, 'पोटाचं दुखणं' म्हणायचे. दारूनं गेले. तेरावं झाल्यावर आईने मला देवासमोर बसवून शपथ घातली. मी तेव्हा तेहेतीस वर्षांचा, बँकेत अधिकारी झालेला. शपथ पाळली. मार्चअखेरचं क्लोजिंग, बदलीच्या पार्ट्या, मोठ्या खातेदारांकडची जेवणं, सगळीकडे हातात लिंबू सरबत. बँकेत असून हे पाळणं काय असतं ते इथल्या बँकवाल्यांना कळेल. (तीन हात वर झालेले दिसतायत.) बिअर आणि बुडीत कर्ज यांचा संबंध मात्र आपल्या देशात सगळ्यांनाच ठाऊक आहे, त्यावर मी बोलणार नाही.

२०११ ला निवृत्त झालो आणि पुढच्या वर्षी आम्ही दोघं मुलाकडे गेलो. तो पोर्टलंडला असतो, अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात. दुसऱ्याच दिवशी सकाळी दूध काढायला फ्रीज उघडला तर खालच्या कप्प्यात सहा बाटल्या. मी दार लावलं आणि तीन दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्याला काकांचं सगळं माहीत होतं. मला वाटलं, घराण्यात आहे ते पुन्हा निघालं.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "बाबा, माझ्याबरोबर एका ठिकाणी चला. पिऊ नका. फक्त बसा."

ते ठिकाण म्हणजे मागच्या बाजूला बिअर बनवतात आणि पुढच्या बाजूला विकतात अशी जागा. तिकडे ब्रूपब म्हणतात. दुपारची वेळ, लोक मुलाबाळांना घेऊन जेवत होते. त्याने एक लाकडी फळी मागवली. तिच्यात चार खाचा, चार छोटे ग्लास. एकेकात साधारण १२० मिली. रंग चार : एक वाळलेल्या गवतासारखा, एक धुरकट पिवळा, एक तांबूस, एक काळा. तो म्हणाला, "हुंगा आणि काय आठवतं ते सांगा." धुरकट पिवळा ग्लास नाकाशी नेला आणि मी म्हणालो, "यात केळं कालवलंय. आणि लवंग." तो हसायलाच लागला. त्यात केळं नाही की लवंग नाही. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या पद्धतीची गव्हाची बिअर होती ती, आणि तिथलं खास यीस्ट आंबवताना हे दोन्ही वास स्वतःच तयार करतं. मला खरं वाटेना. एक घोट घेतला. शपथ मोडली का? हो, मोडली. आई २००३ सालीच गेली होती. ती असती तर मी तो ग्लास उचलला नसता, आणि ती नव्हती म्हणून उचलला हे काही फारसं शौर्य नाही.

मग मी आमच्या सवयीप्रमाणे तपासणी सुरू केली. बिअरमध्ये मूळ चारच गोष्टी : पाणी, जव, हॉप्स, यीस्ट. जवाला मटकीसारखे मोड आणायचे, मग ते वाळवायचे. मोडामुळे पिठाची साखर करायची ताकद दाण्यात येते. हे जव भरडून साधारण ६५ अंश गरम पाण्यात तासभर ठेवले की गोड पाणी होतं. ते उकळताना हॉप्स घालायचे, म्हणजे गोडाला कडू तोल येतो आणि टिकाऊपणाही येतो. थंड झालं की यीस्ट. यीस्ट साखर खातं, मद्यार्क आणि फेस तयार करतं. दाणा किती भाजला त्यावर रंग. काळ्या स्टाउटला कॉफीचा वास येतो तो जव जवळजवळ कॉफीइतके भाजल्यामुळे. जर्मनीतल्या बांबर्ग गावात दाणे लाकडाच्या धुरावर वाळवतात, ती बिअर प्यायला बसलं तर शेजारी कोणी पापड भाजतंय असं वाटतं. थंड जागेत सावकाश आंबवली की लागर, त्यामानाने उबेत आणि लवकर आंबवली की एल. सोनेरी पिल्सनर ही लागरच, आजच्या चेकियातल्या पिल्झेन गावात १८४२ साली पहिल्यांदा निघाली. आपल्या दुकानांतल्या बहुतेक बाटल्या तिच्याच लांबच्या नातेवाईक.

तिसरा, तांबूस ग्लास होता आयपीएचा. म्हणजे इंडिया पेल एल. हे 'इंडिया' कुठून आलं? ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात लंडनच्या बो भागातल्या हॉजसन यांच्या कारखान्यातली बिअर जहाजांवरून इकडे यायची. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिने. भरपूर हॉप्सची बिअर हा प्रवास चांगला सोसायची. हिंदुस्थानासाठी मुद्दाम शोध लावला अशी गोष्ट सांगतात, ती जरा फुगवलेली आहे. तशी बिअर आधीपासून होती, आणि इथले साधे गोरे शिपाई काळी पोर्टरच जास्त प्यायचे. फिकी, महागडी साहेबांसाठी. पण नाव चिकटलं आणि राहिलं. गंमत म्हणजे ज्या देशाचं नाव, त्या देशातल्या माणसाला ती पहिल्यांदा भेटली पोर्टलंडला, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.

त्या ग्लासातून पपनसाचा वास येत होता. कॅस्केड नावाचा हॉप्सचा वाण आहे, ऑरेगॉनमध्येच तयार केलेला, १९७२ साली बाहेर आला. तिकडच्या बिअरला तो वास त्याने दिला. त्या देशात १९७०च्या दशकाच्या शेवटी बिअरचे कारखाने शंभराच्या आत उरले होते, सगळ्यांची चव सारखी. मग घरी बिअर करायला कायद्याने मुभा मिळाली, १९८५ साली ऑरेगॉनमध्ये जिथे बनवतो तिथेच विकायची परवानगी मिळाली, आणि आज देशभरात नऊ हजारांवर छोटे-मोठे कारखाने आहेत.

त्या तीन महिन्यांत मी एक वही घातली. रकाने आखले : तारीख, नाव, टक्केवारी, रंग, वास, पहिली चव, घोट गिळल्यानंतर मागे राहते ती चव. मुलगा म्हणाला, "बाबा, हे लेजर झालं." झालं तर झालं. पण रकाने भरायचे म्हटलं की घाई करता येत नाही. चार ग्लासांना आम्हाला दीड तास लागायचा, आणि त्या दीड तासात आम्ही दोघं जेवढं बोललो तेवढं त्याच्या अख्ख्या कॉलेजच्या काळात बोललो नव्हतो. बाटल्या त्याने मुद्दाम खालच्या कप्प्यात, भाजीमागे ठेवल्या होत्या, हे त्याने तेव्हाच सांगितलं. मी लग्नाआधी सिगारेट ओढायचो हे मीही तेव्हाच सांगितलं. (हिला ते माहीत होतं. मुलाला नव्हतं.)

तुलना करायची तर काही पथ्यं आहेत. एकच ग्लास भरून 'छान आहे' म्हणणं म्हणजे तुलना नव्हे. निदान दोन शेजारी हवेत. ग्लास सारखे, साबणाचा वास नसलेले. आधी फिकी, मग गडद, आणि सगळ्यात कडू ती शेवटी, नाहीतर पुढची सगळी पाणी लागते. मध्ये साधं पाणी, कोरडे कुरमुरे किंवा पावाचा तुकडा. चिवडा, मसाला शेंगदाणे नकोत. आणि बर्फासारखी गार नको. फ्रीजमधून काढल्या काढल्या हापूस खाल्लात तर काय लागतं? तसंच. पिल्सनर गार चालते, पण काळी स्टाउट दहा-बारा अंशांवर येऊ द्यावी, मग ती बोलते. उन्हात ठेवलेली बाटली घेऊ नये. प्रकाशाने हॉप्स बिघडतात आणि एक घाण, उग्र वास येतो. तपकिरी काच त्यासाठीच असते, हिरवी नि पांढरी काच दिसायला छान एवढंच.

आणि फजितीचा भाग. वहीची चाळीस पानं भरल्यावर मला वाटायला लागलं की आपल्याला कळतं. मुलाने तीन ग्लास आणून ठेवले, दोनांत एकच बिअर, एकात वेगळी. वेगळा ओळखा. कारखान्यांतही अशी परीक्षा घेतात. मी ऐटीत डावीकडचा दाखवला. चूक. पुन्हा. पुन्हा चूक. दोन मोठ्या कंपन्यांच्या साध्या लागर होत्या आणि मला त्यांत काही फरक कळत नव्हता, लेबल झाकलं की माझी सगळी विद्वत्ता गेली. मी बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स घेतलं होतं. 'स्टुडंट्स टी टेस्ट' आम्ही घोकली होती. हा 'स्टुडंट' म्हणजे डब्लिनच्या गिनेस कारखान्यात नोकरी करणारा विल्यम गॉसेट, त्याने १९०८ साली टोपणनावाने तो निबंध छापला, हे मला निवृत्तीनंतर कळलं. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष किती धाडसाने काढायचा, हा त्याचा प्रश्न. मी चाळीस पानांवर फारच धाडस केलं होतं.

पुण्यातही आता हे सगळं मिळतं. २००९ साली डूलाली नावाचं ठिकाण इथेच सुरू झालं, देशातल्या सुरुवातीच्या ब्रूपबपैकी एक. नाव आपल्याच देवळालीवरून. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे सैनिक देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि काही डोक्याने बिघडायचे, म्हणून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे वेडसर. 'डूलाली टॅप' असंही म्हणत, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

आता मागे उभ्या असलेल्या मुलांसाठी. कायदा तुम्हाला ठाऊक असेलच : महाराष्ट्रात बिअरला एकवीस वर्षं पूर्ण हवीत आणि परवाना हवा. पण एक हिशेब करून दाखवतो, तो कॅशियरला सुद्धा पटेल. 'बिअर म्हणजे काय दारू नव्हे' असं म्हणतात. आपल्याकडे खपणारी बहुतेक बिअर स्ट्रॉंग असते. ६५० मिलीची बाटली, आठ टक्के धरा. त्यात ५२ मिली शुद्ध मद्यार्क. व्हिस्कीचा ३० मिलीचा छोटा पेग, ४२.८ टक्के, त्यात पावणेतेरा मिलीच्या आसपास. म्हणजे एक बाटली झाली चार पेग. मित्राच्या वाढदिवसाला दोन बाटल्या, आठ पेग, आणि वर दुचाकी. माझे ते चार छोटे ग्लास, साडेपाच टक्के धरले तर २६ मिली, दोन पेग. तेही काही अमृत नव्हे. दारूचं कुठलंच प्रमाण निर्धोक नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे, आणि यकृत काही क्राफ्टचं लेबल वाचत नाही. माझ्या गोळ्या सुरू झाल्यापासून डॉक्टरांनी मला महिन्याला एका छोट्या ग्लासावर आणलंय. वहीत हल्ली एका पानाला एक वर्ष जातं.

दादांबद्दल एक सांगायचं राहिलं. ते पिताना मी एकदाच पाहिलं, घराच्या मागच्या अंगणात. नाक दाबून, डोळे मिटून, एका दमात. चव नकोच होती त्यांना. त्यांच्या हातात चार छोटे ग्लास आणि वही दिली असती तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. तो आजार होता आणि त्याला डॉक्टर लागतो, रकाने नाहीत. आम्ही मात्र 'पोटाचं दुखणं' म्हणत राहिलो आणि डॉक्टरकडे नेलं तेव्हा उशीर झाला होता. कोणाच्या घरात असं दुखणं असेल, तर नाव घ्या. ताईंनी विचारलं ना, गच्चीवर हे कशाला, तर याच्याचसाठी.

मुलगा दर डिसेंबरात येतो. मग आम्ही तिघं जातो, एक फळी तिघांत. हिला आंबट बिअर आवडते, बेल्जियमच्या पद्धतीची, हवेतल्या यीस्टवर सोडून दिलेली. कैरीचं पन्हं म्हणते ती त्याला. माझं आणि मुलाचं अजून आयपीएवरून जमत नाही. तो म्हणतो अजून कडू हवी, मी म्हणतो पुरे.

वेळ संपल्याची खूण सेक्रेटरीसाहेब करतायत. प्रश्न खाली चहाच्या वेळी विचारा. आणि त्या दोन्ही वाट्या फिरून माझ्याकडे परत येऊ द्यात. आमच्या घरच्या चांगल्या सेटमधल्या आहेत, आणि हिला न विचारता आणल्यात.