एकदाच ऐकू येणारी इंग्रजी



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत बोनसवर बोलावे, महागाईवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असते. मी आज परदेशी जाणाऱ्यांना द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेवर, आणि त्यातही केवळ श्रवणाच्या भागावर बोलणार आहे. माझे शाळेतले शिक्षण थोडे. इंग्रजी मी कामगार न्यायालयाची निकालपत्रे आणि मांडीवरचा शब्दकोश यांच्यापाशी शिकलो. तेव्हा हा विषय माझा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण ज्यांच्या घरी तो येऊन बसला आहे, ती माणसे माझी आहेत. जिनिंग-प्रेसिंगमध्ये उभा जन्म काढलेल्या बापाची मुलगी परिचारिका होते, इंग्लंडात जाईन म्हणते, आणि अडते ती व्याकरणापाशी नव्हे, कानापाशी. हजारो रुपयांची फी एका दिवसात जाते. निकाल चांगला लागला तरी तो दोनच वर्षे चालतो.

परीक्षा अशी. आयईएलटीएस ही परीक्षा १९८९ पासून आहे. तिच्या श्रवणाच्या भागात ४ खंड, ४० प्रश्न आणि सुमारे ३० मिनिटे. ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवितात. पहिल्या खंडात दोघांचे व्यवहारातले संभाषण, दुसऱ्यात एकाचेच माहितीपर बोलणे, तिसऱ्यात विद्यार्थी-शिक्षकांची चर्चा, चौथ्यात व्याख्यान. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला श्रवणात ७ गुणांक लागतो, म्हणजे ४० पैकी साधारण ३० उत्तरे बरोबर यावी लागतात. आरोग्यसेवकांसाठी ओईटी नावाची निराळी परीक्षाही चालते. तिच्यात रुग्णाचे बोलणे ऐकून टिपण भरावे लागते.

ही अट जुलमी आहे काय? जन्माने इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला आमच्या वऱ्हाडात येताना मराठीची परीक्षा कोणी घेत नाही, हे मी विसरत नाही. तथापि रात्रपाळीत डॉक्टरने टेलिफोनवर औषधाचे प्रमाण पंधरा सांगितले की पन्नास, हे परिचारिकेच्या कानावर अवलंबून असते, आणि इंग्रजीत ‘फिफ्टीन’ व ‘फिफ्टी’ यांत अंतर किती, ते आपण जाणता. बिछान्यावरच्या माणसाच्या बाजूने पाहिले म्हणजे ही अट मला मान्य करावी लागते. फी मात्र मान्य नाही.

आता अडते कोठे ते पाहू. आपली मराठी प्रत्येक अक्षराला त्याचे माप देते. इंग्रजीचे तसे नाही. ती शब्दातल्या एका अक्षरावर जोर देते आणि बाकीची गिळून टाकते. आपण ‘कम्फर्टेबल’ असे चार पायऱ्यांनी चढतो, इंग्रज ‘कम्फ्टब्ल’ म्हणून उडी मारतो. ‘फिफ्टीन’मध्ये जोर बहुधा शेवटी आणि ‘फिफ्टी’त आरंभी. परीक्षार्थ्याने स्वरापेक्षा जोर ऐकावा. ‘हाफ फाइव्ह’ म्हणजे आपले साडेपाच, साडेचार नव्हे. टेलिफोनच्या आकड्यांत शून्याला ‘ओ’ म्हणतात. ऑस्ट्रेलियन माणसाचा ‘ए’ आपल्या कानाला ‘आय’सारखा लागतो, म्हणून नावाचे स्पेलिंग लिहून घेताना हमखास घोटाळा होतो, आणि स्पेलिंग चुकले की उत्तर चुकले.

उच्चारभेदाचे भय मात्र वऱ्हाडी माणसाने बाळगू नये. ‘डोळा’ म्हणा की ‘डोया’ म्हणा, आपल्याला अडत नाही. पुणेकर क्षणभर थबकतो. एकाच भाषेचे दोन उच्चार सांभाळण्याची सवय आपल्या कानाला लहानपणापासून आहे. ती इंग्रजीकडे वळवायची, एवढेच.

यापेक्षा मोठी अडचण घाईची आहे, आणि येथे मला माझ्या धंद्याचे थोडे कळते. वाटाघाटीत मालकाचा प्रतिनिधी एक आकडा उच्चारतो. नवखा कार्यकर्ता तो वहीत लिहितो आणि मनात पेढे वाटू लागतो. तेवढ्यात ‘परंतु’ येतो, आणि त्याच्यामागून खरा आकडा. या परीक्षेतही वक्ता ‘मंगळवारी भेटू’ म्हणतो आणि लगेच ‘छे, मंगळवारी मी नाही, गुरुवारी’ असे सुधारतो. पहिला शब्द झडप घालून घेणारा तेथे फसतो. वाक्य संपेपर्यंत पेन्सिल उचलू नये.

तयारीसाठी माझा आग्रह जुन्या श्रुतलेखनाचा आहे. दोन मिनिटांचा मजकूर घ्यावा. एकदा नुसता ऐकावा. मग थांबवून थांबवून शब्द न् शब्द लिहावा आणि छापील मजकुराशी ताडावा. जेथे शब्द गळला तेथे तो का गळला, जोर नव्हता म्हणून की पुढच्या शब्दाला चिकटला म्हणून, ते लिहून ठेवावे. बीबीसी १९४३ पासून रेडिओवरून इंग्रजी शिकवीत आली आहे. तिचे ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ आज मोबाईलवर फुकट मिळते, मजकुरासकट. दिवसभर कानात इंग्रजी गाणी घालून हिंडणे ही तयारी नव्हे. पावसात उभे राहिल्याने विहीर खणली जात नाही. शेवटच्या महिन्यात मात्र उलट करावे, न थांबविता एकदाच ऐकून पूर्ण ४० प्रश्न सोडवावे. प्रश्न आधी वाचायला वेळ देतात. तेव्हा येथे आकडा येणार, येथे नाव येणार, असा अंदाज बांधून ठेवावा. उत्तरे बहुधा प्रश्नांच्या क्रमानेच येतात. एक हुकले तर त्याचा शोक करीत बसू नये, कारण तेवढ्यात पुढचे दोन जातात. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून जागा कोरी सोडू नये. ‘दोनच शब्दांत’ असे म्हटले असेल तेथे तिसरा लिहू नये.

कानाने विद्या येते काय, असे अमरावती जिल्ह्याने तरी विचारू नये. गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. १८८१ ते १९१५ एवढेच त्यांचे आयुष्य. पण दुसऱ्याकडून वाचून घेऊन, ऐकून, त्यांनी शंभरावर ग्रंथ सांगितले. आमच्या मुलींना तर केवळ ४० उत्तरे लिहायची आहेत.

एक गोष्ट संघटक म्हणून सांगणे माझे कर्तव्य आहे. परीक्षेची फी भरावी लागते. पण ब्रिटनच्या आरोग्यसेवेत नोकरी लावून देतो म्हणून जो दलाल उमेदवाराकडून पैसे मागतो, तो त्या देशाच्याच भरतीविषयक आचारसंहितेच्या विरुद्ध वागतो. असा कोणी घरी आला, तर त्याची मागणी कागदावर लिहून घ्या आणि पैसे देण्यापूर्वी तो कागद आमच्या कचेरीत आणून दाखवा.