अंबापाणीला दीडशे वर्षं झाली : खाज्या नाईक आणि आपला दावा

(11 एप्रिल 2008 रोजी बोदवड येथील मेळाव्यात केलेलं भाषण)



चोपडा, यावल, रावेर, मुक्ताईनगर अशा लांबलांबच्या पाड्यांवरून तुम्ही आलात. कोणी टेम्पोत उभं राहून आलं, कोणी भुसावळहून गाडी धरून बोदवड स्टेशनावर उतरलं. मोहफुलं वेचायचे दिवस आहेत, एक दिवस बुडाला म्हणजे काय ते आम्हाला माहीत आहे. म्हणून मुद्द्याचंच बोलतो.

आज 11 एप्रिल. बरोबर दीडशे वर्षांपूर्वी, 11 एप्रिल 1858 ला, सातपुड्यात अंबापाणी इथं आपल्या माणसांची इंग्रजांच्या फौजेशी लढाई झाली. पुढारी होते खाज्या नाईक आणि भीमा नाईक. गेल्या वर्षी 1857 ला दीडशे वर्षं झाली म्हणून गावोगाव भाषणं झाली. झाशीच्या राणीचं नाव निघालं, तात्या टोपेंचं निघालं. ते निघालंच पाहिजे. पण अंबापाणीचं नाव आम्ही एकाही भाषणात ऐकलं नाही. बारावीपर्यंत शिकलो, आमच्या धड्यातही ते आलं नाही. आम्हाला ते कळलं ते म्हाताऱ्या माणसांकडून, शेकोटीपाशी.

खाज्या नाईक कोण होते? आज शिरपूरहून पळासनेरवरून सेंधव्याला आग्रा रोड जातो, जिथं रात्रंदिवस ट्रक चढतात, तो घाट राखायचं काम त्यांच्याकडे होतं. घाट राखायचा, वाटसरू आणि माल सुखरूप पार करायचा, ही भिल्ल नाईकांची जुनी नाईकी. 1818 ला इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा पहिला घाव याच हक्कांवर बसला. आपली माणसं डोंगरात जाऊन लढली. लढून ती हटेनात, तेव्हा 1825 ला धरणगावात भिल्ल पलटण उभी केली. म्हणजे भिल्लांना आवरायला भिल्लच. ही युक्ती जुनी आहे मायबापहो, आजही चालते.

आम्ही खाज्या नाईकांना देव करून सांगत नाही. नोकरीत असताना त्यांच्या हातून एका माणसाचा जीव गेला, सजा झाली, नाईकी गेली. पण 1857 ला उत्तरेत आग लागली तेव्हा त्याच सरकारला घाट राखायला तोच माणूस पुन्हा आठवला. पुन्हा कामावर घेतलं. खाज्या नाईकांनी ती चाकरी सोडली आणि डोंगर उठवला. त्या वर्षाअखेर इंदूरकडून येणारा सरकारी खजिना, सात लाखांचा, त्यांच्या लोकांनी घाटात अडवला.

मग अंबापाणी झालं. पकडलेल्या माणसांपैकी पन्नासच्या वर लोकांना तिथल्या तिथं खटला उरकून गोळ्या घातल्या. शेकडो बाया धरून नेल्या. त्या बायांची नावं कोणाच्या वहीत नाहीत. पुढं 1860 ला खाज्या नाईकांना आपल्यातच घुसवलेल्या माणसाकडून दगा देऊन मारलं. भीमा नाईकांना काळ्या पाण्याला, अंदमानला पाठवलं. ते परत आले नाहीत.

आता खरी गोष्ट पुढे आहे. माणसं मारून इंग्रज थांबला नाही. हे बोदवडवरून जाणारे रूळ त्यानंतरच्याच काळात पडले. रुळाखाली स्लीपर लागतात, स्लीपरला सागवान लागतं. 1865 ला पहिला जंगल कायदा आला, 1878 ला दुसरा, 1927 ला तिसरा, आणि तो तिसरा आजही चालू आहे. ज्या डोंगरात खाज्या नाईक लढले तो डोंगर कागदावर सरकारचा झाला. आणि आपण काय झालो? खाज्या नाईकांना कागदावर लुटारू लिहिलं. आपल्या आजोबाला जंगलचोर लिहिलं. आपल्याला आज अतिक्रमणदार लिहितात. शब्द बदलले, पण लिहिणारा हात कायम सरकारचाच राहिला.

आमच्या आजीची गोष्ट सांगतो. तिच्या पेटीत गोधडीखाली कागदांची एक पुरचुंडी होती. दंडाच्या पावत्या. दर साली नांगर धरला की दंड, बैल सोडवायला दंड. आम्ही लहान असताना तिला म्हणायचो, आजी, ही लाजेची कागदं कशाला ठेवते? ती म्हणायची, राहू दे रे, आपण इथं होतो एवढं तरी यांनी लिहिलंय.

आजीला कायदा माहीत नव्हता, पण ती बरोबर होती. नवा वनहक्क कायदा 2006 ला झाला, त्याचे नियम या 1 जानेवारीपासून लागू झाले. कायद्यातच कबूल केलंय की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो आणि आजही जिची कास करतो, त्याचा त्या जमिनीवर हक्क आहे, चार हेक्टरपर्यंत. दंडाची पावती हाही पुरावा आहे. रेशनकार्ड, मतदार यादी, घरपट्टी पुरावा आहे. शेताचा बांध, विहीर, देवाचं ठाणं, मसणवट पुरावा आहे. इंग्रजांनी लिहिलेलं गॅझेटिअरसुद्धा पुरावा धरतात, ज्यात आपल्याला लुटारू म्हटलंय. पण त्यात तुमचं शेत नाही. तुमचं शेत माहीत आहे तुमच्या म्हाताऱ्यांना. आणि नियम 13 सांगतो : दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा जबाब, लिहून घेतलेला, हाही पुरावा आहे.

याचा अर्थ नीट समजून घ्या. दीडशे वर्षं आपली आठवण शेकोटीपाशी राहिली, कारण लेखणी आपल्या हातात नव्हती. आता कायद्यानं म्हाताऱ्याच्या बोलण्याला कागदाची किंमत दिली आहे. पण म्हातारं माणूस थांबत नाही. आमच्याच पाड्यात या हिवाळ्यात तीन जण गेले. कोणी किती साली कोणतं रान फोडलं ते त्यांना तोंडपाठ होतं. आम्ही आज लिहू, उद्या लिहू म्हणत राहिलो. ती चूक आमची आहे. तुम्ही करू नका.

म्हणून पाऊस पडायच्या आत चार कामं करायची आहेत. एक, ग्रामसभा घेऊन वनहक्क समिती निवडा, दहा ते पंधरा जणांची, त्यात तिसरा हिस्सा बाया पाहिजेतच. दोन, शिकलेल्या पोरापोरींनी वही घेऊन आधी सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे बसायचं. तो बोलेल तसं लिहायचं, वाचून दाखवायचं, मग अंगठा घ्यायचा. तीन, दाव्यात नवरा-बायको दोघांचं नाव घाला. कायदाच तसं सांगतो. अंबापाणीच्या बायांची नावं राहून गेली, आपल्या बायांची राहता कामा नयेत. चार, जंगलाचा सामूहिक दावा विसरू नका. मोह, तेंदू, चारोळी, गुरांची चराई, हे सगळं त्यात येतं.

आणि दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून काढता येत नाही. कोणी काढायला आलं तर भांडू नका, पळू नका. कलम 4, पोटकलम 5 दाखवा, आणि लेखी मागा. कोणी फॉर्मचे पैसे मागितले तर देऊ नका. आणि आपल्यातलाच कोणी फूट पाडायला आला, तर धरणगावची पलटण आठवा.

खाज्या नाईकांचा पुतळा उभा राहील तेव्हा राहील. आम्हाला वाटतं, सातपुड्यातल्या एकेका पाड्यावर एकेक भरलेली वही, हेच त्यांचं पहिलं स्मारक. आज घरी गेल्यावर भाकर खाल्ली की म्हाताऱ्यापाशी बसा. विचारा, बाबा, हे रान कोणी फोडलं?

आणि लिहा.

खाज्या नाईक, भीमा नाईक अमर रहे! लडेंगे, जीतेंगे!