सिग्नल पडला



संयोजकांनी मला ‘इंग्लंडमधल्या जुन्या रेल्वे’ या विषयावर पंधरा मिनिटं दिली आहेत. माझा हा छंद तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमुळे माहीत झालाय. सकाळी सगळे फुलांचे फोटो टाकतात, मी इंजिनाचा टाकतो. मागे एकाने विचारलं होतं, अरे, तू पूर्णेचा माणूस, तुला इंग्रजांच्या गाड्यांचं एवढं काय वेड? ग्रुपवर मी हसण्याचं चिन्ह टाकून सुटलो. आज सुटता येणार नाही.

मुलगी बर्मिंगहॅमला असते. तिच्याकडे गेलो की ती विचारते, बाबा, लंडन बघायचं? मी म्हणतो, किडरमिन्स्टर. तिथून ब्रिजनॉर्थपर्यंत सेव्हर्न नदीच्या काठाने सोळा मैलांची एक जुनी लाइन आहे, सेव्हर्न व्हॅली रेल्वे. सरकारने बंद केलेली ही लाइन हौशी लोकांनी १९७०पासून टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू केली. वाफेचं इंजिन, लाकडी बाकांची स्टेशनं, सगळं जुनं. पहिल्यांदा गेलो तेव्हा ब्यूडली स्टेशनच्या फलाटावर उभा होतो. समोरच्या खांबावरचा सिग्नलचा लाल हात आडवा होता. तार ताणल्याचा आवाज आला, हात खटकन खाली आला, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, “सिग्नल पडला!”

शेजारची बाई दचकून मागे सरली. मुलीला ओशाळल्यासारखं झालं. तिला वाटलं, बाबांना काहीतरी पडताना दिसलं.

तुम्हाला मात्र हे समजावून सांगावं लागणार नाही. आपण पूर्णेची पोरं. हात खाली पडला की गाडीला वाट मोकळी. आता दिव्याचे सिग्नल आले, काहीच पडत नाही, तरी आपण म्हणतोच, सिग्नल पडला. ब्रिटनमध्ये बहुतेक कंपन्यांनी पुढे वाट मोकळी असताना वर उचलला जाणारा हात लावला. ग्रेट वेस्टर्न कंपनी मात्र खाली पडणाऱ्या हातालाच चिकटून राहिली, आणि ही सेव्हर्नची लाइन तिचीच. म्हणून मला तिथे पूर्णा दिसली.

मग गाडी निघताना ड्रायव्हरच्या हातात कडं दिलं गेलं. आपल्याकडे वेताचं कडं असायचं, त्याला चामड्याची पिशवी, पिशवीत लोखंडी गोळा. एकेरी लाइनवर दोन स्टेशनांत एक यंत्र इकडे, एक तिकडे, विजेच्या तारेने जोडलेली. एका यंत्रातून गोळा काढला की तो परत कुठल्यातरी यंत्रात जाईपर्यंत दुसरा निघतच नाही. गोळा नसेल तर गाडी पुढे न्यायची नाही. धावत्या इंजिनातून फायरमनने हात बाहेर काढून कडं उचलायचं. माझ्या बाबांच्या डाव्या दंडावर त्याचे वळ कायमचे होते. सेव्हर्नला आतला तुकडा वेगळ्या घडणीचा होता, तत्त्व तेच.

बाबा १९५२ साली पूर्णेच्या लोको शेडमध्ये इंजिन क्लीनर म्हणून लागले. त्याआधी जेमतेम काही महिने, ५ नोव्हेंबर १९५१ला, निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली होती. क्लीनरचे फायरमन, मग शंटर, मग ड्रायव्हर. रात्री दोनला कॉल बॉय कंदील घेऊन दार वाजवायचा, बाबा झोपेतच वहीवर सही करायचे, लाइन बॉक्स पुढे जायचा. त्यांचं शिक्षण निजामाच्या शाळेत उर्दूत झालेलं. इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी सहावीत असताना मला शेडमध्ये नेऊन वायपी इंजिनावरच्या एका पितळी पाटीवर हात ठेवून म्हणाले, “काय लिहिलंय, वाच बरं.” मी अडखळत वाचलं: नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी, ग्लासगो. ते म्हणाले, “म्हणजे लांबचं दिसतंय.” वीस वर्षं ती पाटी पुसत होते. त्यात काय लिहिलंय, ते त्या दिवशी कळलं त्यांना.

आता एक कबुली. आठवीत आपल्याला एक फॉर्म भरायला दिला होता. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘रेल्वेत क्लार्क’ लिहिलं. बाबा ड्युटीवरून आले की फक्त डोळे पांढरे दिसायचे, आणि वर्गात डॉक्टरांची, वकिलांची मुलं होती. आपल्या वर्गशिक्षकांना सगळं माहीत होतं. त्यांनी काही खोडलं नाही, मला बोललेही नाहीत. पुढच्या पालक सभेत मात्र त्यांनी बाबांना दारातून हाताला धरून आणून पहिल्या बाकावर बसवलं. सर, तुम्ही आज समोर बसला आहात. हे पंचेचाळीस वर्षांनी सांगतोय.

सेव्हर्न व्हॅलीच्या शेडमध्ये एक निवृत्त शिक्षक चिंध्यांनी इंजिन पुसत होते. पगार किती, विचारलं तर हसले. उलट वर्गणी ते भरतात. पदरचे पैसे घालून इंजिन पुसायचं! बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी त्या माणसाला घरी बोलावून आधी जेवू घातलं असतं.

त्या लोकांना हे शहाणपण काही जन्मजात नव्हतं. १९६३मध्ये डॉ. बीचिंग यांच्या अहवालाने २,३६३ स्टेशनं बंद करायला सांगितली होती, आणि बरीच झालीही. पण त्याआधीच, १९५१मध्ये, वेल्समधली टॅलिलिन ही छोटी लाइन हौशी मंडळींनी आपल्या हातात घेतली होती. जगातली अशी ही पहिलीच.

आपलं मीटरगेज गेलं याचं मला दुःख नाही, हे स्पष्ट सांगतो. मनमाडला ट्रंका डोक्यावर घेऊन गाडी बदलताना आईचे काय हाल व्हायचे ते मी पाहिलेत. १९९०च्या दशकात मनमाडकडून रुंद रूळ आले, २००८मध्ये अकोल्याची लाइनही बदलली, आणि परभणीतून मुंबईला झोपून जाता यायला लागलं. उत्तमच झालं. मीनाक्षी एक्स्प्रेस आठवते? पूर्णेहून अकोला, खांडवा, महू करत पार जयपूरला जायची. त्याच रस्त्याच्या महू ते कालाकुंड या घाटातल्या तुकड्यावर २०१८च्या डिसेंबरमध्ये हेरिटेज गाडी सुरू झाली. मध्य प्रदेशाने आपल्या लाइनचं शेपूट तरी राखलं. आपण काय राखलं, ते मी शोधतोय.

गेल्या वर्षी ग्लासगोला गेलो. ती नॉर्थ ब्रिटिश कंपनी १९६२लाच बंद पडली. तिथल्या रिव्हरसाइड म्युझियममध्ये एक अजस्र इंजिन उभं आहे. १९४५ साली याच शहरात बांधून दक्षिण आफ्रिकेला पाठवलेलं, आणि २००७मध्ये परत आणलेलं. ज्यांनी बनवलं त्यांच्या नातवंडांनी बघावं म्हणून. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. इंजिन बनवणाऱ्यांची आठवण त्यांनी ठेवलीय. ते चालवणारे मात्र आपले होते, आणि मी बाबांना कधीच काही विचारलं नाही. कुठल्या चढावर वाफ कमी पडायची, पावसाळ्यात मिरखेलच्या पुढे रूळ निसटायला लागले की वाळू कशी सोडायची, एका फेरीला किती कोळसा लागायचा. २००१ साली ते गेले. लाइन बॉक्स भंगारात मीच दिला, साठ रुपयांना.

म्हणून तुमच्यापाशी मागणं आहे. या वर्गात निदान बारा-तेरा जणांचे वडील रेल्वेत होते. माळ्यावर हातदिवा असेल, बॅज असेल, ड्युटीची वही असेल, शेडमधला एखादा फोटो असेल, तर फेकण्याआधी मला फोन करा. वस्तू मला नको, फोटो काढून परत देतो. आणि घरात कुणी बोलतं माणूस असेल तर आधी ते सांगा.

आपल्या एका मित्राचे वडील, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, अजून पूर्णेतच आहेत. बाबांचे फायरमन होते ते. काल फोन केला तर म्हणाले, “ये, पण मोठ्यानं बोल. कान शेडमध्येच ठेवून आलो.” उद्या सकाळी आठला निघतोय. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत.