रक्तदाब घसरण्यापूर्वी
(प्राथमिक आरोग्य केंद्रांतील परिचारिका व आरोग्यसेवकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अत्यवस्थ रुग्ण येताच आपण प्रथम रक्तदाब पाहतो. ते योग्यच आहे. परंतु रक्तदाब चांगला, म्हणून रक्ताभिसरणही चांगले, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे होय. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. रक्तस्राव सुरू झाला की शरीर त्वचेच्या व हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेते, हृदयाची गती वाढविते आणि मेंदू व हृदय यांचा पुरवठा राखते. त्यामुळे सुमारे ३० टक्के, म्हणजे दीड लिटर रक्त जाईपर्यंत वरचा रक्तदाब टिकून राहू शकतो. तो घसरतो तेव्हा मोलाचा वेळ हातचा गेलेला असतो. बाळंतिणीच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे.

शरीराने त्वचेपुरती केलेली ही काटकसर आपल्या हाताला आधी कळते. त्यासाठी तीन सोप्या परीक्षा आहेत.

पहिली स्पर्शाची. रुग्णाचे हातपाय गार व घामेजलेले आहेत काय, ते पाहावे. कोकणात महाड येथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध रूढ केले. त्या दंशात आरंभी रक्तदाब वाढलेला असूनही हातपाय गार पडतात. म्हणूनच हातपाय उबदार व कोरडे होणे, ही त्या उपचारातील सुधारणेची खूण मानली जाते.

दुसरी नाडीची. मिनिटातील ठोक्यांना वरच्या रक्तदाबाच्या आकड्याने भागावे. निरोगी माणसात उत्तर ०.५ ते ०.७ येते. नाडी ११० आणि रक्तदाबही ११० असेल, तर दोन्ही आकडे वेगवेगळे पाहता फारसे भयावह वाटत नाहीत. पण भागाकार १ येतो. प्रसूतीनंतर तो ०.९ वा अधिक आल्यास तत्काळ सावध व्हावे.

तिसरी केशवाहिन्यांची. रुग्णाचा हात हृदयाच्या पातळीवर धरून बोटाचे टोक ५ सेकंद दाबावे व सोडावे. पांढरा पडलेला भाग पूर्ववत होण्यास ३ सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास रक्ताभिसरण मंदावले आहे असे समजावे. लहान मुलांत याच्या जोडीला हात गार आणि नाडी क्षीण व जलद असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार ते मूल शॉकमध्ये आहे.

दक्षिण अमेरिकेतील ५ देशांत जंतुसंसर्गजन्य शॉकच्या ४२४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. बोटाच्या या परीक्षेनुसार उपचार केलेल्या गटात २८ दिवसांत ३४.९ टक्के, तर रक्तातील लॅक्टेटनुसार उपचार केलेल्या गटात ४३.४ टक्के रुग्ण दगावले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही. तरीही २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी इतर तपासण्यांच्या जोडीला ही परीक्षा सुचविली आहे.

या परीक्षांनाही मर्यादा आहेत. थंड खोली, अपुरा उजेड, सावळी त्वचा वा वार्धक्य यांमुळे बोटाची परीक्षा फसवू शकते. जंतुसंसर्गात आरंभी हात उबदारही असतात. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये. दर अर्ध्या तासाने, प्रकृती ढासळत असल्यास त्याहून लवकर, पुन्हा तपासावे व प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहावी. रुग्णास १०८ च्या रुग्णवाहिकेतून पुढे पाठविताना तो कागद त्याच्यासोबत द्यावा. पुढच्या डॉक्टरांना रुग्ण सुधारत आहे की खालावत आहे, हे त्यावरूनच कळेल आणि उपचारास विलंब होणार नाही.