आधी सूर ठरवा, मग लांबी: बॅरिटोन गिटार घेण्याआधी

(भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले शब्द बहुतेक तसेच ठेवलेत.)

आज वसमतहून बोलतोय, घरूनच. हळदीच्या गाड्यांचा आवाज मध्ये आला तर सांभाळून घ्या.

परभणीच्या एका श्रोत्याचा प्रश्न आलाय. त्याच्याकडे साधी सहा तारांची इलेक्ट्रिक गिटार आहे, बँड मेटल वाजवतो. त्यांनी सगळं खाली उतरवून बीमध्ये ट्यूनिंग केलंय आणि तेव्हापासून रिफ नुसता फटफटतोय. सहा महिने पगारातून पैसे साठवलेत. बॅरिटोन घेऊ का, असं विचारतोय.

एवढ्या पैशाचा प्रश्न आहे, म्हणून एका वाक्यात उत्तर देणार नाही. त्यात आपल्याकडे, म्हणजे वसमत, परभणी, हिंगोली या पट्ट्यात, बॅरिटोन हातात घेऊन बघायची सोय नाही. एक तर पुणं-मुंबई गाठायची, नाहीतर ऑनलाइन मागवायची. ऑनलाइन मागवायची तर आकडेमोड आधी झालेली बरी.

गोंधळात तुणतुणं सगळ्यांनी पाहिलंय. खुंटी पिळली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. पण फार सैल केली तर सूर राहतच नाही, तार नुसती लोंबते. गिटारचंही हेच आहे. सूर तीन गोष्टींवर ठरतो: तारेची लांबी, तारेचं वजन आणि ताण. खाली जायचं असेल तर लांबी वाढवा, तार जाड करा किंवा ताण कमी करा. खुंटी फिरवणं फुकट असतं, म्हणून आपण सगळे आधी ताण कमी करतो.

किती कमी होतो ते बघा. साधी गिटार साडेपंचवीस इंची, म्हणजे नटपासून ब्रिजच्या सॅडलपर्यंत मोकळ्या तारेची लांबी २५.५ इंच. त्यावर ४६ ची तार, म्हणजे इंचाच्या हजारातले ४६ भाग जाडीची. ती खालच्या ई सुरात, ८२.४ हर्ट्झला, साधारण साडेसतरा पौंड ताणाने बसते. तीच तार बीमध्ये, ६१.७ हर्ट्झला उतरवली की ताण दहा पौंडांच्याही खाली येतो. जवळजवळ निम्मा गेला! अशा तारेवर पिक जोरात मारला की सूर क्षणभर वर उडतो आणि मग खाली येतो. तोच तो फटफटाट. पेडल बदलून तो जात नाही.

आता बॅरिटोन. तीच ४६ ची तार, तोच बी, पण गिटार २७ इंची. ताण किती वाढला? लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे बारा टक्के. दहाचे अकरा झाले. २८ इंचावर वीस टक्के. बस, एवढंच. नुसत्या लांबीने चमत्कार होत नाही. बॅरिटोन घेऊन त्यावर जुन्याच तारा चढवल्या तर फटफटाट जरा कमी होईल, जाणार नाही.

उलटं गणित करा. बीमध्ये आपला नेहमीचा साडेसतरा पौंडाचा ताण हवा असेल तर २५.५ वर साधारण ६२ ची तार लागते, २७ वर ५८ ची, २८ वर ५६ ची. आणि खाली ए पर्यंत, म्हणजे ५५ हर्ट्झला जायचं असेल तर हेच आकडे ६९, ६५ आणि ६३.

इथे बॅरिटोनचं खरं काम सुरू होतं. जाड तार ही हळूहळू सळईसारखी वागायला लागते. तिच्यातले वरचे स्वरांश मूळ सुराच्या नेमक्या पटीत राहत नाहीत, थोडे चढे जातात. डिस्टॉर्शन लावलं की तो बेसूरपणा मोठा होऊन ऐकू येतो. पॉवर कॉर्ड चिखलात वाजवल्यासारखी. लांब गिटारवर तेच काम थोड्या बारीक तारेने होतं, म्हणून कॉर्डमधले सूर वेगवेगळे ऐकू येतात. बॅरिटोनचे पैसे या स्पष्टपणासाठी द्यायचे. 'हेवी' आवाजासाठी नव्हे.

[ऑडिओत इथे एकच रिफ दोनदा वाजवला आहे: आधी ४६ च्या तारेवर, मग ६२ च्या. गिटार तीच, २५.५ इंची.]

फरक ऐकलात? फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर नाही कळणार, ६१ हर्ट्झ त्यातून निघतच नाही. हेडफोन लावा.

ही अक्कल काही मेटलवाल्यांची नाही बरं का. आपल्या मिरजेत बघा. शिकलगार घराणं, मूळचं हत्यारांना धार लावणारं. त्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं बनवायला घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे पुरुष गायकांचा तंबोरा मोठा असतो, गायिकांचा छोटा. का? गाणाऱ्याचा षड्ज खाली, तर तार लांब. छोट्या तंबोऱ्याच्या तारा सैल करून कोणी खालचा षड्ज काढत बसत नाही. सतारीची थोरली बहीण सूरबहार, तिचंही तसंच.

तंबोरा घेताना पहिला प्रश्न असतो, गाणार कोण आणि कुठल्या पट्टीत. गिटार घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो, कुठला ब्रँड. मला हे उलटं वाटतं. गाणं स्वच्छ गळ्याचं असेल तर आधी गायकाची पट्टी काढा. ग्रोल असेल तर गळ्याचं बंधन नाही, मग बेसवाल्याला विचारा. तुम्ही गिटार एमध्ये नेलीत तर तो ५५ हर्ट्झ, म्हणजे नेमकी त्याच्या बेसची मोकळी ए तार. एक सप्तक खाली त्याने जायचं कुठे? २७.५ हर्ट्झला? पाच तारांच्या बेसची सगळ्यात खालची बीसुद्धा ३१ च्या आसपास थांबते. दोघं एकाच खोलीत घुसलात की आवाज जाड होत नाही, गिचमिड होते.

आता कोणी म्हणेल, टोनी आयोमीने तर छोट्याच गिटारवर सगळं केलं. खरंय. १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्यांच्या दोन बोटांची टोकं गेली. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'वर त्यांनी गिटार दीड सूर खाली, सी शार्पला उतरवली, आणि त्यांची गिब्सन एसजी तर पावणेपंचवीस इंची. पण त्यांना तार सैलच हवी होती, बोटांना सोसावी म्हणून. आणि ब्लॅक सबाथचा रिफ सावकाश चालतो, सैल तारेला श्वास घ्यायला जागा असते. तुम्ही भराभर पाम म्यूट मारणार असाल तर ती गिटार तुमच्या कामाची नाही.

बॅरिटोन मेटलसाठी जन्मलीच नव्हती, हेही जाता जाता सांगतो. डॅनइलेक्ट्रोने १९५० च्या दशकात असल्या लांब गिटारी आणल्या, त्या कंट्री आणि सर्फ संगीतात रुळल्या. म्हणून आजही बाजारात दोन जातीच्या बॅरिटोन आहेत. पीआरएस एसई २७७ घ्या, २७.७ इंच. स्क्वायरची कॅब्रोनिटा बॅरिटोन २७. ग्रेच जी५२६० तर २९.७५. लांबी जास्त म्हणून ग्रेच मेटलला जास्त चांगली, असं समजू नका. हात किती फाकवावा लागतो तेही बघा. २८ इंचावर पहिल्या चार घरांचं अंतर साध्या गिटारपेक्षा सुमारे १३ मिलिमीटर जास्त असतं. २७ वर आठ. आठ मिलिमीटर चार दिवसांत अंगवळणी पडतात. तेराचं मी छातीठोकपणे सांगणार नाही, ते तुमच्या बोटांवर आहे.

आणि हे बघायला दुकान लागत नाही. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कोणाकडे तरी बेस गिटार असतेच. साधी बेस ३४ इंची. तिच्या चौथ्या घरावर कॅपो लावा, उरलेली लांबी बरोबर २७ इंच भरते. तिसऱ्या घरावर लावलात तर साडेअठ्ठावीसच्या थोडी वर. आता तुमचा नेहमीचा रिफ बोटांनी नुसता पकडून बघा. आवाजाकडे लक्ष देऊ नका, घरांच्या अंतराकडे द्या. कॅपो नसेल तर मित्राला बोट दाबून धरायला सांगा, चालतं.

सात तारांची गिटारही लोक सुचवतात. तिच्यात खालची बी मिळते आणि वरची ई जात नाही. सोलो वाजवणारा असाल तर तीच घ्या. पण मान रुंद, आणि बऱ्याच सात तारांच्या गिटारी साडेपंचवीस इंचीच असतात, म्हणजे बीचा प्रश्न जिथल्या तिथे.

तर परभणीकर, तुझं काय? तू बीमध्ये आहेस, ग्रोल आहे, गिटार २५.५ ची. साठवलेल्या पैशाला अजून हात लावू नकोस. आधी १३ ते ६२ चा बॅरिटोन संच आण, त्यात तिसरी तारही गुंडाळलेली असते, ते महत्त्वाचं. गिटारच्या मानाने तारांचा खर्च किरकोळ आहे. तारा बदलल्यावर मानेचा रॉड आणि सॅडल नव्याने लावून घे. सॅडल मागे सरकवूनही बाराव्या घरावर सूर चढाच येत असेल, तर तुझ्या ब्रिजवर जागा संपली असं समज. आणि जाड तार नटच्या खाचेत बसत नाही म्हणून स्वतः कानस घेऊन बसू नकोस. मोठी केलेली खाच परत लहान होत नाही, पुढे त्याच नटवर बारीक तार खडखडते. ते काम कारागिराकडे दे.

महिनाभर असं वाजव. बँड बीवरच राहिला तर साठवलेल्या पैशात चांगला कॅबिनेट स्पीकर बघ, खालचे सूर त्यातून खरे बाहेर येतील. बँड एकडे सरकला, आणि बेसवाल्याचं त्यावर काही म्हणणं नसेल, तर मग २७ ते २८ मधली बॅरिटोन घे, मागेपुढे बघू नकोस. फक्त ऑर्डर करताना पिशवीची लांबी विचारून घे. साध्या गिटारच्या पिशवीत तिचं डोकं बाहेर राहतं, आणि परभणी ते पुणं रात्रीच्या गाडीत वरच्या बर्थवर ते कोणाला तरी लागणारच.

पुढच्या भागात घरच्या घरी, शेजाऱ्यांना न उठवता रेकॉर्डिंग कसं करायचं ते बघू. प्रश्न पाठवत राहा.